कोयत्यामागं एक गिलास

आमच्या आळीतल्या आसारामला दुष्काळाच्या साली दिवस गेले होते, असं गावात अजून कुणी सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका. त्यात निम्मं खरं आहे. आसारामचं सगळंच निम्मं खरं असतं, कारण उरलेलं निम्मं गीताबाईकडं असतं.

आसाराम ऊसतोड्या. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि मुकादमाच्या लेखी दोघं मिळून एक नग. नुसता नवरा आला तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम ट्रकच्या मागच्या फळीशी बसवतो आणि त्याच्याशी बोलतोही निम्मंच. आसाराम उसाच्या फडातच जन्मला, फडातच रांगला, आणि मिसरूड नीट फुटायच्या आत लग्न लावून घरच्यांनी त्याला पुरा करून टाकला. तेव्हापासून तो कधी अर्धा राहिलेला नाही.

फडावरचा कायदा असा की ताप एकाला आला तरी खाडा दोघांना. आसारामनं त्यातून आपला पोटकायदा काढला होता: खाडा दोघांना, तर गोळीबी दोघांना. गीताबाईचं डोकं दुखलं की तो गोळी दाताखाली धरून मोडायचा, अर्धी तिला द्यायचा, अर्धी आपण गिळायचा. त्याचं पोट बिघडलं की अर्धी गोळी तिला, तिचं पोट ठणठणीत असलं तरी. कुणी हसलं तर म्हणायचा, "कोयता एकच हाय ना? मग अर्ध्यालाच धार लावून कसं भागंल?" यावर काय बोलावं हे कुणालाच सुचायचं नाही, म्हणून ते शहाणपण ठरलं.

आता हसू जरा बाजूला ठेवा. गीताबाईची दोन बाळंतपणं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. पहिलं पोरगं फडावर झालं, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत. चांगलं दांडगं, गुबगुबीत. सुईण म्हणाली, एवढं मोठं लेकरू मी माझ्या हातानं काढलं नाही. पण ते रडलंच नाही. दुसरं सातव्यात पोटातच हलायचं थांबलं. कुणी म्हणालं मोळ्या उचलल्या म्हणून, कुणी म्हणालं नजर लागली म्हणून. आसारामची आई छबुबाई नारायणगडावर जाऊन नवस बोलून आली. त्या साली गीताबाईला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा लागला होता. हे लेकरू तरी हाती लागतं का, ही गोष्ट त्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं आणि सगळी तिच्याभोवतीच घुटमळत होती.

साल तर असं की ढगसुद्धा गावावरून जाताना तोंड फिरवून जायचे. टँकर आला की गाव धावायचं. छबुबाई हंड्यात डोकावून कुरकुरायची, "ह्या पोरीनं हंडाच तोंडाला लावलाय. सकाळचा भरलेला, दुपारी बूड दिसायलं!"

"दोन जिवांची हाय ती, आई."

"आमीबी व्हतो दोन जिवांच्या. हिरी भरल्या व्हत्या तवा, तरी एवढं न्हाई पेलो."

गीताबाई खाली मान घालून भांडी घासायची. दुष्काळात तहान ही काय सांगायची गोष्ट आहे? सगळ्या गावालाच लागलेली होती.

अशातच गावातल्या दूध डेरीवर अंबाजोगाईकडून एक जीप आली. डेरी सहकारी, पण सहकार करायला दूधच उरलं नव्हतं. निम्म्या म्हशी बाजारात गेल्या होत्या, निम्म्या चारा छावणीत उभ्या होत्या. सेक्रेटरी राधाकिशन तरीही रोज कुलूप उघडून पंख्याखाली बसायचा, पंखा फिरत नसला तरी. त्याला माणसं दिसल्याचा इतका आनंद झाला की त्यानं फॅट काढायचं मशीनसुद्धा पुसून ठेवलं.

जीपमधल्या डॉक्टरीण मॅडम अभ्यास करत होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या अंगात गरोदरपणात साखर वाढते का, कितीजणींच्या वाढते, आणि ती कळायच्या आधीच त्या फडावर निघून जातात का, असा तो अभ्यास. मॅडम धोरणी होत्या. परक्यानं विचारलं की आपलं गाव अगदी अदबीनं खोटं सांगतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून विचारपूस करायला त्यांनी गावातलीच जानकीबाई नेमली. उभी हयात ऊसतोडीत घालवलेली, आता गुडघ्यांनी घरी बसवलेली. सारं गाव तिला जानकाकू म्हणतं. 'तुम्ही व्यायाम करता का' हा प्रश्न तिनं पहिल्याच दिवशी रद्द करवला. म्हणाली, "मॅडम, हे इचारलं तर बाया मला मोळीखाली दाबतील."

पण जानकाकूही शेवटी फडावरचीच. ती घरोघर सांगत फिरली, "हंगामाला जाणाऱ्या गरवार बायांनी उद्या डेरीवर या. साखरपाणी पेऊन बसायचं हाय, मग बोटातनं थेंबभर रगत. कोयत्यामागं एक गिलास!"

हे शेवटचे तीन शब्द कुणाच्याच कानाला खटकले नाहीत. जानकाकूच्यासुद्धा नाही. आयुष्यभर तांदूळ, चादर, ताडपत्री, सगळं कोयत्यामागं एकच मिळालेलं.

दुसऱ्या दिवशी सात कोयते आले. बायका येतील असं मॅडमला वाटलं होतं, आले कोयते. म्हणजे नवरे सोबत. मॅडम आत पट्ट्या आणि सुया मांडत होत्या, जानकाकू बाहेर ओट्यावर डेरीच्या स्टीलच्या गिलासात पावडर कालवून वाटत होती. गीताबाईनं अर्धा गिलास कसाबसा घशाखाली ढकलला आणि पदर तोंडाला लावला.

"लई ग्वाड हाय वो. पोटात ढवळायलंय."

"आण हिकडं," आसाराम म्हणाला, आणि उरलेला अर्धा गिलास एका दमात रिता करून मिशीवरची साखर चाटली. बाजूला रामकिसनही आपल्या बायकोचा गिलास हातात घेऊन बसला होता. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. त्यात पाहण्यासारखं होतंच काय?

बायकांची रक्त द्यायची वेळ अजून व्हायची होती. जानकाकू नुकतीच सुई टोचायला शिकली होती, तिचे हात शिवशिवत होते. म्हणाली, "आसाराम, बस. तुझंच बोट आधी बघते." आसारामनं आढेवेढे न घेता बोट पुढं केलं. नंतर वेळ झाल्यावर गीताबाईचं बोट झालं. थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "गीताबाई, तुमची साखर ठीक आहे. पण तुमच्या यजमानांची मात्र जास्त दिसते. आसाराम, पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी या, परत बघू."

ओट्यावर जो हशा उठला तो छावणीतल्या म्हशींनी ऐकला असेल.

पुढचे दिवस आसारामला गल्लीतून जाणं मुश्कील झालं. एकानं विचारलं, "काय आसाराम, कितवा लागला?" दुसऱ्यानं चिंच आणून हातावर ठेवली. बायकांनी तर टँकरच्या रांगेत त्याला पुढं जागा दिली, म्हणाल्या, "येऊ द्या गं त्याला, गरवार माणसाला उभं करू न्हाई." आसाराम चिंच खात रांगेत उभा राहायचा आणि विचार करायचा. त्याला राग येत नव्हता, त्याला कळत नव्हतं. तपासणी गरवार बाईची, आणि साखर निघावी ती त्याच्यात?

आईला विचारलं तर छबुबाई उसळली, "कारखान्यानं सभासदाची दिवाळीची साखर तीन वर्सं झाली बंद केली, अन् तुझ्या अंगात ती कुठून आली रं? चहाला गूळबी न्हाई घरात!"

हे खरं होतं. मग तो राधाकिशनकडं गेला. राधाकिशननं पंख्याकडं पाहिलं, पंखा बंदच होता, पण विचार करायची त्याची तीच पद्धत.

"हे बघ आसाराम, दुधाचंच उदाहरण घे. एका खात्यावर दोन म्हशीचं दूध. एकीचं फॅट वर, एकीचं खाली. आपल्याला काय, खातं एक, कॅन एक. एकीकडचं दुसरीकडं सांभाळून घेतलं जातं."

"म्हंजी हिची साखर माझ्याकडं आली?"

"मी तसं म्हणलो न्हाई," राधाकिशन म्हणाला, "पण तसं न्हाई असंबी म्हणलो न्हाई."

एवढं आसारामला पुरलं. तो घरी आला तो ताठ चालत. गीताबाईच्या अंगात जे काही होतं, ज्यानं दोन लेकरं नेली, ते त्यानं कोयत्याच्या हिशोबानं आपल्याकडं ओढून घेतलं होतं. आता चिंच दिली तरी तो छाती काढून घ्यायचा. बंकट मुकादम विचारायला आला तेव्हा तर त्यानं बसायला घोंगडीच टाकली.

"आसऱ्या, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी गाडी हलणार. उचलीचे पैसे अजून कुणालाच दिले न्हाईत, आधी कोयते पक्के करायलोय. गीता येती ना? का तूच बाळंतपणाला बसतूस?"

"हस बंकटभौ, हस. मॅडम म्हणली, तिचं ठीक हाय."

"मग पुरा कोयता धरतो."

"धर."

आत चुलीपुढं गीताबाई भाकरी थापत होती. बंकट गेल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "आवं, मला तहान लई लागती."

"दुष्काळ हाय."

"तुमाला लागती का एवढी?"

आसारामनं विचार केला. नव्हती लागत. सकाळी तांब्याभर प्यालं की दुपारपर्यंत त्याला पाण्याची आठवण नसायची.

"मग साखर तुमच्याकडं आली तर तहान माझ्याकडंच कावून राहिली?" गीताबाई म्हणाली. तिनं भाकरी तव्यात टाकली.

आसाराम तिथंच बसून राहिला. साखर एकीकडं आणि तहान दुसरीकडं, हे राधाकिशनच्या कॅनमध्ये काही केल्या बसेना. गोळी अर्धी झाली तर तापही अर्धा अर्धा व्हायला पाहिजे. तो कधी झाला होता का? आठवायला गेला तर उलटंच आठवलं. पहिल्या खेपेलाही ती फडावर अशीच पाणी पाणी करायची, आणि तो म्हणायचा, ऊन हाय.

सकाळी तो सरळ चारा छावणीवर गेला. जानकाकूची म्हैस तिथं होती, ती वैरण टाकत होती. रामकिसन आणि आणखी चार-पाच जण बाजेवर बसले होते. आसारामला पाहून रामकिसन सरकला, "बस बे, बस. अवघडल्यावानी चालायलास."

आसारामनं तिकडं लक्ष दिलं नाही. "काकू, एक सांग. हिची साखर माझ्याकडं आली, तर तहान तिच्याकडंच कावून ऱ्हायली?"

"तिची साखर तुझ्याकडं कशी यील रं येड्या?" जानकाकू हसायला लागली.

"तिचं अर्धं पाणी मी पेलो ना, त्यातनं आली असंल."

जानकाकूच्या हातातली पेंढी हातातच राहिली. "कोनचं पाणी?"

"साखरेचं. डेरीवरचं. तूच म्हणली व्हतीस, कोयत्यामागं एक गिलास."

बाजेवरचे खो खो हसत होते. जानकाकू हसत नव्हती. तिनं पेंढी म्हशीपुढं टाकली आणि रामकिसनकडं वळली. "अन् तू रं?"

रामकिसन आभाळाकडं बघायला लागला. आभाळात बघण्यासारखं त्या साली काहीच नव्हतं.

"रामकिसन!"

"निम्मा," तो म्हणाला. "काकू, निम्म्याच्यावर एक घोट न्हाई. आईची आण."

बाजेवरचं हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं, कारण सातातले आणखी दोन नवरे तिथंच बसलेले होते. एकानं तर घरी आई रुसू नये म्हणून तिच्यासाठीही चार घोट राखले होते. जानकाकू चाऱ्याच्या गंजीवर बसली. कपाळाला हात लावून म्हणाली, "चुकलं ते माझ्याच तोंडानं चुकलं. जन्मभर माणूस कोयत्यावर मोजला, आता गरवार बाईबी कोयत्यावरच मोजली."

मॅडमना फोन गेला. त्या आल्या, ओट्यावर बसल्या, सगळं ऐकून घेतलं. सात बायकांची साखर चौदा-पंधरा पोटांत वाटली गेली होती आणि त्या आकड्यांवर त्या आठवडाभर डोकं खाजवत बसल्या होत्या. आधी त्यांना हसू फुटलं. मग त्यांनी गीताबाईला पहिल्या दोन बाळंतपणांचं विचारलं. गीताबाई सांगत गेली तसं त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"उद्या परत," त्या म्हणाल्या. "बायकांना एकीला एक गिलास. आणि नवरे दाराबाहेर."

नवरे बाहेर काढले तरी डेरीला खिडकी होती. दुसऱ्या दिवशी आसाराम खिडकीच्या गजांना धरून उभा होता. आत गीताबाईनं गिलास तोंडाला लावला. अर्ध्यावर आली, उमासा आला, आणि सवयीनं तिची मान खिडकीकडं वळली.

"आवं..."

आसारामचा हात गजातून आत गेला. त्यानं ठरवून काही केलं नव्हतं, तो हातच तसा होता. जानकाकूनं त्यावर दुधाचं लिटरचं माप हाणलं. "माघारी घे!"

आसारामनं हात चोळत माघारी घेतला. गीताबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि एकेक घोट घेत राहिली. लग्नापासून तिच्या वाट्याला अख्खी आलेली ती पहिलीच वस्तू असेल, आणि तीही अशी मळमळणारी. शेवटचा घोट तिनं डोळे मिटून घेतला. खिडकीबाहेर आसारामनंही आवंढा गिळला.

वेळ झाल्यावर मॅडमनी तिचं बोट टोचलं आणि पट्टीवरचा आकडा दोनदा पाहिला. साखर होती, चांगली वाढलेली. सातातल्या आणखी एकीची वाढलेली होती, रामकिसनच्या बायकोची, पण थोडीच.

"मागची दोन लेकरं ह्याच्यानंच गेली का?" गीताबाईनं विचारलं.

"आता मागचं खात्रीनं नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "पण असू शकतं. ह्या वेळी आधी कळलंय. खाणं मोजून, दर थोड्या दिवसांनी तपासणी, लागलं तर इंजेक्शन, आणि बाळंतपण अंबाजोगाईला. एवढं सांभाळलं तर बहुतेक लेकरं सुखरूप येतात. पण फडावर हे कोण बघणार?"

आसारामनं खिडकीतून विचारलं, "अन् माझी?" तो सकाळपासून उपाशी होता, त्याचंही बोट झालं होतं.

"तुम्हाला काही नाही. त्या दिवशी साखरपाणी पिऊन लगेच बोट दिलंत, म्हणून जास्त दिसली."

"थोडीबी न्हाई?"

"अजिबात नाही."

आसारामचा चेहरा पडला. अंगात साखर नाही म्हणून खट्टू झालेला गावात तेवढा एकच माणूस असेल.

संध्याकाळी बंकट आला. त्याला बातमी आधीच लागलेली होती. त्यानं मान खाजवली. "मग आता असं कर, तू एकटाच ये. अर्धा कोयता धरतो. छबुकाकू हाय की हिला बघायला."

अर्धा होऊन ट्रकच्या मागच्या फळीशी बसायची आसारामला लाज वाटत होती असं लोक म्हणतात. तसं नव्हतं. त्याला खरंच एक गोष्ट समजून घ्यायची होती.

"बंकटभौ, मी तिथं अर्धी गोळी खाल्ली तर हिथं हिला लागंल का?"

बंकटनं छबुबाईकडं पाहिलं, छबुबाईनं गीताबाईकडं. गीताबाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. तिच्या डोळ्यांत पाणीही होतं.

"न्हाई लागायची," बंकट म्हणाला.

"मग मी येऊन काय करू?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. आसाराम वेशीपर्यंत गेला, ट्रकमागच्या धुळीकडं बघत उभा राहिला, मग काय करावं ते न कळून घरी आला. हंगामात गावात राहायचं कसं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. चार दिवस तो रिकाम्या हातांनी गल्लीतून येरझाऱ्या घालत होता. मग छावणीत चाऱ्यासाठी ऊस यायला लागला आणि जनावरांपुढं टाकायला तो तोडून देणारं माणूस हवं होतं. तिथं त्याचा कोयता चालायला लागला. मोळ्या बांधायला कुणी नव्हतं, पण म्हशींना मोळी लागत नाही.

घरी गीताबाईला मॅडमनी दिलेल्या मापानं भाकरी मिळायची, म्हणून तोही तेवढीच खायचा. तिचं अंग थोडं उतरलं, त्याचे गाल आत गेले. तिला इंजेक्शनं चालू झाली तेव्हा दवाखान्यात त्यानंही बाही वर केली होती. नर्सबाईनं हाकलला. जानकाकू दर तपासणीला सोबत जायची आणि एस्टीत अख्ख्या गाडीला तो किस्सा सांगायची.

शिमगा जवळ आला तेव्हा अंबाजोगाईला पोरगी झाली. मध्यम वजनाची, लालबुंद, आणि रडायला लागली ती थांबेचना. बाहेर छबुबाई आणि आसाराम बाकड्यावर बसले होते. रडणं ऐकून छबुबाईनं नारायणगडाकडं तोंड करून हात जोडले, खरं तर गड दुसऱ्याच दिशेला होता. आसाराम म्हणाला, "आई, ही लई रडायली, काय झालं असंल हिला?" त्याला त्या आवाजाची ओळखच नव्हती.

राधाकिशननं डेरीच्या वतीनं पेढे पाठवले होते. छबुबाईनं पुडा सोडून एक आसारामच्या हातावर ठेवला. तो आत गेला. गीताबाई उशाला टेकून बसली होती, पोरगी तिच्याकडं. आसारामनं सवयीनं पेढा मोडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा तिच्यापुढं धरला. आणि एकदम थांबला. हात पुढं, तोंड भरलेलं.

"काकू," त्यानं दारात उभ्या जानकाकूला विचारलं, "आता हिला अर्धा चालतो का, का म्याच खाऊ?"

जानकाकू म्हणाली, "मॅडमला इचारून येते." ती विचारायला गेली, आणि ती परत येईपर्यंत आसाराम तसाच हात पुढं धरून उभा राहिला. गीताबाई त्या अर्ध्या पेढ्याकडं बघून हसत होती आणि पोरगी रडत होती.